पदक, पेन्शन आणि पेशा
१/ पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ साली लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झाले. पुढे ते खडकीला हलले. दिव्यांग जवान तेथे आजही व्यवसाय शिकतात.

२/ त्यामागील विचार असा की, निवृत्तिवेतनाने चूल पेटते, पण समाजातील स्थान परत मिळवायला हाताला काम लागते.

३/ १९६५च्या युद्धात जखमी झालेल्या मुरलीकांत पेटकरांचे १९७२चे हायडेलबर्गचे सुवर्णपदक आपण अभिमानाने सांगतो. त्यांची टेल्कोतील नोकरी क्वचितच सांगतो. पुनर्वसनाच्या इतिहासात मात्र दोन्हींची नोंद हवी.

४/ आता धाराशिव पाहा. कोरडवाहू शेतीच्या या जिल्ह्यात पाय गमावून परतलेल्या जवानाला औत धरणे अवघड. आणि त्याच्यासाठीची खास संस्था दूर पुण्यात. स्वतंत्र संस्था चालावी इतकी संख्या एका जिल्ह्यात नसेल. म्हणूनच, माझ्या मते, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने स्थानिक आयटीआयमध्येच अशा जवानांसाठी जागा, सुलभ कार्यशाळा आणि सोयीचे अभ्यासक्रम मिळवून द्यावेत.

५/ युद्धांच्या सनावळ्या आपण पाठ करतो. सैनिक घरी परतल्यानंतरची वर्षेही त्याच इतिहासाचा भाग आहेत.