लोखंडी चाक बांधीत, रबरी चाक रस्त्यावर



आषाढ लागला की भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या धानपट्ट्यात एक खडखडाट सुरू होतो. केजव्हील लावलेला ट्रॅक्टर एका बांधीची चिखलणी आटोपून डांबरी रस्त्याने दुसऱ्या बांधीकडे निघालेला असतो. मागे रस्त्यावर खाचांची रांग राहते. मग कुठेतरी पोलीस अडवतात, दंडाची पावती फाटते, आणि आपला कार्यकर्ता फोन करतो, "भाऊ, शेतकऱ्यावर अन्याय होतोय, रस्ता रोको करू."

गेल्या पावसाळ्यात असे फोन मलाही आले. मी रस्ता रोकोला नाही म्हटले. का, ते इथे सांगतो. पटले नाही तर बैठकीत जाब विचारा.

केजव्हील ही शेतकऱ्याची चैन नाही. चिखलणीने तण गाडले जाते, पाण्याचा निचरा कमी होतो, बांधीत पाणी टिकते. रबरी टायर त्या चिखलात जागच्या जागी फिरतो. लोखंडी चाकाच्या आडव्या पट्ट्या चिखल धरतात आणि ट्रॅक्टर बुडू देत नाहीत. पऱ्हे तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले की रोवणी थांबवता येत नाही. पाऊस आज आहे, उद्याचा भरवसा नाही. पूर्ण केजव्हील उतरवून टायर चढवायचा म्हणजे जॅक, पाने, दोन माणसे आणि चिखलात तास-दीड तास. ट्रॅक्टर भाड्याचा असेल तर मालकाला पुढचे गिऱ्हाईक दिसत असते. म्हणून तो तसाच रस्त्यावर चढतो. गरज खरी आहे, हे आधी कबूल करू.

आता रस्त्याकडे पाहा. गावाकडचे बरेचसे रस्ते २००० साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेतून झाले. अशा रस्त्यावर डांबरी खडीचा वरचा थर साधारण २० मिलिमीटरचा असतो, बोटाच्या पेराएवढा. त्याचे काम भार पेलण्याचे कमी, पाणी आत जाऊ न देण्याचे जास्त. ट्रॅक्टरचे वजन रबरी टायरवर पसरते. केजव्हीलवर तेच वजन लोखंडी पट्टीच्या धारेवर येते. थर फुटतो, खाचेतून पाणी आत जाते, खालची खडी-मुरूम सैल होते. दिवाळीनंतर त्याच रस्त्याने आपले धान विक्रीला जायचे असते, आणि आपल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे असते. खड्ड्याचे बिल शेवटी आपल्याच दारात येते.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवाराच्या आतच वापरायच्या खास वाहनांना सूट आहे. शेताला ती नाही, कारण ट्रॅक्टर या शेतातून त्या शेतात रस्त्यानेच जातो. जुगाड गाड्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हेच सांगितले की, जुगाड हेही मोटार वाहनच आहे. कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. तात्पुरते चढवलेले चाक हा 'बदल' ठरतो का, यावर वकील खुशाल वाद घालोत. पण रात्री टायरबाहेर हातभर आलेल्या लोखंडावर मोटरसायकलवाला आदळला, तर तो वाद त्याच्या घरच्यांना काय कामाचा? आणि विमा कंपनीला भरपाई टाळायला निमित्त कोण देणार? आपणच.

कोणी म्हणेल, वाळूचे टिप्पर क्षमतेपेक्षा जास्त भरून रोज रस्ते मोडतात, त्यांना कोण अडवतो? प्रश्न बरोबर आहे. जादा भाराला त्याच कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. तो टिप्परवाल्याकडून वसूल होत नाही आणि चिखलाने माखलेला ट्रॅक्टरवाला मात्र सापडतो, याबद्दल आपण जरूर भांडू. पण दुसऱ्याच्या चोरीने आपली चूक धुतली जात नाही. जी संघटना हिशेब मागते, तिने स्वतःचा हिशेब आधी द्यावा.

म्हणून माझी सूचना दोन भागांत आहे.

पहिला भाग आपला. पूर्ण केजव्हील लावून डांबरी रस्त्यावर चढायचे नाही. चाके ट्रॉलीत घालून न्यायची आणि बांधीच्या धुऱ्याजवळ चढवायची. टायरशेजारी जोडायचे अर्धे केजव्हील घ्यावे. त्याचा व्यास टायरपेक्षा कमी असल्याने कडक रस्त्यावर ते टेकत नाही. मात्र टायर झिजला किंवा हवा कमी झाली की तेही टेकते, आणि रुंदी वाढतेच. तेव्हा लांबच्या प्रवासात तेही उतरवावे. गावाने चिखलणीचा क्रम शिवारवार लावावा. एका बाजूची सगळी बांधी उरकूनच ट्रॅक्टर दुसऱ्या बाजूला जाईल. चाक बदलण्याचा वेळ वाटून घेतला की तो कोणा एकाच्या भाड्यावर पडत नाही.

दुसरा भाग सरकारचा. पाणंद रस्त्यांची योजना २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने आली. धानपट्ट्यातल्या पाणंदी तिच्यातून आधी मोकळ्या करा, म्हणजे ट्रॅक्टरला डांबरावर चढायची वेळच कमी येईल. रस्त्यावरून शिवारात उतरायला पक्के उतार आणि चाक बदलायला जागा द्या. यांत्रिकीकरणाच्या अनुदानात अर्ध्या केजव्हीलला पहिला मान द्या. हे केल्यावर खुशाल दंड करा, आम्ही आड येणार नाही. पण जुलैत पावती फाडायची आणि उरलेले अकरा महिने पाणंदीकडे ढुंकून पाहायचे नाही, हे चालणार नाही.

जिल्हा बैठकीत हा ठराव मी मांडणार आहे. पहिला भाग आधी मंजूर करू. मग दुसरा भाग घेऊन कलेक्टर कचेरीत जाऊ, तेव्हा आपल्याला मान खाली घालावी लागणार नाही.