चौघे भाऊ आणि त्यांचे वडील

आमच्या घरात जॅझ शिरला तो पुतण्याच्या मागोमाग. स्वयंपाकघरात चकल्या तळल्या जात होत्या आणि बाहेरच्या खोलीत स्टॅन गेट्झचा सॅक्सोफोन वाजत होता. जॅझ म्हणजे कर्कश गोंगाट, अशी माझी समजूत. पण हा आवाज माठातल्या पाण्यासारखा गार! पुढची तबकडी लागली तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "हाही गेट्झच."

"नाही काका, हा झूट सिम्स."

तिसऱ्या वेळी सिम्स म्हणालो, तो अ‍ॅल कोन निघाला. आतून आवाज आला, "सगळे एकाच घरातले वाटतात!"

सौभाग्यवतींचे म्हणणे खोटे नव्हते. 1947 साली वुडी हर्मनच्या वाद्यवृंदाने 'फोर ब्रदर्स' नावाची चीज ध्वनिमुद्रित केली. तीत गेट्झ, सिम्स व हर्बी स्टुअर्ड हे तिघे टेनर सॅक्सोफोनवर आणि सर्ज शॅलॉफ बॅरिटोनवर. पुढे स्टुअर्डच्या जागी कोन आला. यांच्यात रक्ताचे नाते कुणाचेच नाही. पण स्वराची ठेवण एक. हलका, फारसा न थरथरणारा, आवाज न चढवता बोलणारा. 1949-50 मध्ये माइल्स डेव्हिसने नऊ जणांच्या ताफ्यासह जे ध्वनिमुद्रण केले, त्यातही हाच संयम आहे. त्या वाजवण्याला 'कूल जॅझ' हे नाव पडले.

एक वादक आवडला, की त्याच्यासारखे दुसरे कसे शोधावे? पुतण्याची युक्ती सोपी आहे: त्याने कुणाला ऐकले ते पाहावे. या भावांच्या मागे जावे तर वडील एकच भेटतात, लेस्टर यंग. गंडा बांधला नाही, तालीम झाली नाही. तबकडी हाच गुरू.

आणि या वडिलांची कथा? 1934 साली फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदात कोलमन हॉकिन्सच्या जागी यंगला घेतले. हॉकिन्सचा आवाज भरदार, यंगचा हलका. सोबत्यांनी नावे ठेवली. हेंडरसनची पत्नी तर त्याला घरी हॉकिन्सच्या तबकड्या ऐकवी. त्याने तसे वाजवावे म्हणून! काही महिन्यांतच यंग तिथून बाहेर पडला. ज्या आवाजाला नावे ठेवली, त्याचेच पुढे घराणे झाले.

इथे माझ्या हातातली चकली हातातच राहिली. कारण गेले वर्षभर मी आमच्या मुलीला एका थोर गायिकेची ध्वनिमुद्रिका ऐकवीत होतो. "बघ, असे म्हण!" दोन महिने झाले, पोरीने तंबोऱ्याची गवसणी काढलेली नाही. आळस म्हणून मी तिला बोललोही.

यंगनेही फ्रँकी ट्रमबाउअरच्या तबकड्या ऐकल्या होत्याच की! पण त्या त्याने स्वतः निवडलेल्या. फरक असलाच तर एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

त्या रात्री मी मुलीला म्हणालो, "चुकलो. तुला कुणाचे ऐकावेसे वाटते?"

ती काही बोलली नाही. भाऊबिजेच्या सकाळी मात्र आतून तंबोरा लावल्याचा आवाज आला. मी बाहेरच बसून राहिलो. गळा कुणासारखा लागतो आहे, हे ओळखायला गेलो नाही.