कराराचाही काटा करा

शेतकरी भावांनो,

१९७२ साली सरकारने कापसाचा एकाधिकार आणला. ग्रेडर म्हणेल ती प्रत आणि फेडरेशन देईल तेव्हा चुकारा, अशी गत झाली. त्याविरुद्ध आपण भांडलो ते व्यापार खुला व्हावा म्हणून. तेव्हा आज कंपन्या करार घेऊन गावात येतात याचे आपल्याला दुःख नाही. दुःख याचे, की तो करार एकटी कंपनीच वाचते.

२०२४-२५ च्या हंगामातले एका कंपनीचे करार आम्ही पावत्यांसह तपासायला घेतले. पहिल्या पानावर ठळक अक्षरात भाव : लांब धाग्याच्या हमीभावाइतका, क्विंटलला ७,५२१ रुपये. खरा भाव तिसऱ्या पानावर निघाला. ओलावा ८ टक्क्यांवर गेला की दर टक्क्याला २ टक्के कटती, वर क्विंटलमागे २ किलो घट. सीसीआय ८ पासून १२ टक्क्यांपर्यंत टक्क्याला एकच टक्का कापते. १२ टक्के ओलाव्याचा २० क्विंटल कापूस धरा. सीसीआयच्या हिशेबाने १,४४,४०३ रुपये होतात, कराराच्या हिशेबाने १,३५,६१९. मधले ८,७८४ रुपये गेले, आणि फसवले म्हणायची सोय नाही. सही आपलीच!

बरे, ओलावा मोजला कुणी? मीटर कंपनीचे, मोजणारा कंपनीचा. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस आणि तोच दुपारभर उन्हात पसरलेला कापूस यांचा आकडा एक येत नाही, हे सांगायला शेतकी पदवी लागत नाही. पण निम्म्या पावत्यांवर आकडाच नाही, नुसते 'कटती' लिहिले आहे. आकडा नसला की तपासणी तिथेच संपते.

एक कबूल केले पाहिजे. चुकारा आठ दिवसांत खात्यावर जमा झाला. एकाधिकारात हे सुख आपण पाहिले नाही. म्हणून करार फाडा असे आम्ही म्हणत नाही. कटती टक्क्याला एक, घट बंद, मोजणी शेतकऱ्यासमोर आणि पावतीवर ओलाव्याचा आकडा, एवढे लिहून घेतल्याशिवाय या हंगामात सही करू नका.

ज्वारीचे बीजोत्पादन घेणाऱ्यांनीही सावध राहावे. उगवण ७५ टक्क्यांखाली दाखवून माल परत येतो, तपासणी मात्र कंपनीच्याच प्रयोगशाळेत. नमुन्याचा अर्धा भाग सीलबंद करून आपल्या घरी ठेवा.

जिल्हा बैठकीला येताना कराराची प्रत, काट्याच्या पावत्या आणि चुकाऱ्याची पट्टी बरोबर आणा. कराराची प्रत मिळालीच नसेल, तर तसे लिहून आणा.