जे डिला आणि सांध्यांतले कर्तृत्व

हिपहॉप संगीतात ‘बीट’ म्हणजे केवळ तालाचा ठोका नव्हे, तर रॅपरच्या शब्दांखाली वाजणारी, ड्रम, बास आणि सुरावटीचे तुकडे एकत्र बांधून केलेली सगळी वाद्यरचना होय. ही रचना बहुतेक वेळा जुन्या ध्वनिमुद्रणांतून उचललेल्या अंशांवर, म्हणजे ‘सॅम्पल’वर, उभी असते आणि त्यामुळेच तिच्या कर्त्याभोवती चाहत्यांचे दोन वाद सतत झडत राहतात. दुसऱ्याच्या गाण्यातून घेतलेल्या ऐवजाला स्वतंत्र निर्मिती म्हणावे काय, हा पहिला वाद. आणि गायकाविना, मिनिट-दीड मिनिटाच्या तुकड्यांनी भरलेला अल्बम ही एकसंध कृती ठरते काय, हा दुसरा. डेट्रॉइटचे बीट-निर्माते जे डिला, म्हणजेच जेम्स यान्सी, यांच्या ‘डोनट्स’चा विचार करताना मात्र हे दोन प्रश्न अलग ठेवता येत नाहीत, कारण डिला यांची प्रतिभा सर्वांत ठळकपणे दिसते ती दोन तुकड्यांच्या सांध्यातच.

‘डोनट्स’ हा अल्बम कॅलिफोर्नियातील ‘स्टोन्स थ्रो’ या संस्थेने ७ फेब्रुवारी २००६ रोजी, डिला यांच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, प्रकाशित केला आणि दीर्घ आजाराशी झुंजत असलेले डिला तीनच दिवसांनी निवर्तले. पाऊण तासापेक्षा कमी वेळात ३१ ट्रॅक उलगडतात आणि त्यांत ‘टेनसीसी’ हा ब्रिटिश रॉक गट, जाहिरातींसाठी इलेक्ट्रॉनिक संगीत रचणारे रेमंड स्कॉट, डिऑन वॉरविक, जॅक्सन बंधू अशी एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली मंडळी शेजारी येऊन बसतात.

उचलेगिरीचा आक्षेप तपासायचा तर ‘डोन्ट क्राय’ हा ट्रॅक बारकाईने ऐकावा. न्यू जर्सीतील राहवे तुरुंगात कैदी असताना जमलेल्या ‘द एस्कॉर्ट्स’ या गायकगटाचे एक संथ, विनवणीचे गाणे सुरुवातीला जवळजवळ जसेच्या तसे वाजते, जणू मूळ ऐवज आधी श्रोत्यापुढे उघड ठेवला आहे; आणि मग त्याच गाण्याचे शब्दाहूनही लहान तुकडे होतात, त्यांचा क्रम बदलतो, एखादा स्वर अर्ध्यावर तोडून भलत्याच मात्रेवर टाकला जातो आणि मूळ गाण्यात कधीच नसलेली लय उभी राहते. दोन मिनिटे पुरी होण्याआधी हे सारे घडते. जो कर्ता आपला स्रोत लपवत नाही, उलट तो दाखवून मग त्याचे काय केले हे ऐकवतो, त्याच्यावर चोरीचा आरोप करणे म्हणजे त्याचे म्हणणेच न ऐकणे होय. त्यात ठोक्यांची भर आहे. बीट बनवण्याच्या यंत्रांत प्रत्येक ठोका नेमक्या मात्रेवर आपोआप बसवण्याची सोय असते. डिला यांनी आपल्या कारकिर्दीत काही ठोके जाणूनबुजून किंचित पुढे-मागे ठेवले आणि ते डुलणे पुढे हाडामांसाच्या ड्रमवादकांनी शिकून घेतले.

याउलट उदाहरण मुंबईशी जोडलेले आहे. ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या २००२ सालच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या गाण्यात निर्माते डीजे क्विक यांनी ‘ज्योती’ (१९८१) या चित्रपटातील लता मंगेशकरांच्या आवाजातला, बप्पी लाहिरींनी स्वरबद्ध केलेला मोठा अंश श्रेय न देता वापरला. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये श्रेयाशिवाय विक्री करू नये असा आदेशही निघाला, मात्र पुढे खटल्याचा भर गाण्याचे हक्क करारान्वये नेमके कोणाकडे, यावरच राहिला. मालकी न्यायालय ठरवू शकते, नवेपण नाही. त्या गाण्याचे ड्रम दमदार आहेत यात शंका नाही, परंतु त्याची मोहिनी जवळपास सारी लताबाईंच्या आवाजाची आहे. मूळ गाणे काढून घेतले तर मागे फारसे काही उरत नाही.

एकसंधतेच्या प्रश्नावर चाहत्यांचा एक मोठा वर्ग ‘डोनट्स’कडे मृत्युशय्येवरचा निरोप म्हणून पाहतो आणि प्रत्येक तुकड्यात त्या निरोपाची खूण शोधतो. डॅन चार्नास यांच्या ‘डिला टाइम’ (२०२२) या ग्रंथाने या आख्यायिकेला बरीच मुरड घातली आहे, कारण बहुतांश बीट रुग्णालयातील मुक्कामाआधीच तयार झाले होते आणि मूळच्या छोट्या टेपचा पूर्ण लांबीचा अल्बम होण्यात ‘स्टोन्स थ्रो’च्या जेफ जँक यांच्या संपादनाचा वाटा होता. या माहितीने अल्बम उणा होत नाही, उलट त्याची बांधणी चरित्राच्या आधाराविना ऐकता येते. पहिल्या ट्रॅकच्या नावात ‘आउट्रो’, म्हणजे समारोप, आहे, तर शेवटच्या ट्रॅकचे नाव श्रोत्याचे स्वागत करते आणि तो संपताना सरळ पहिल्याला जाऊन मिळतो. अधूनमधून एखादा ट्रॅक पुरता रुजण्याआधीच तुटतो, हेही खरे. मधल्या टप्प्यात ही घाई जाणवते.

डिला यांचे सहकारी मॅडलिब, म्हणजेच ओटिस जॅक्सन, यांनी २००७ मध्ये काढलेला ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ याच कसोटीवर पाहण्याजोगा आहे. येथे बहुतेक ऐवज हिंदी चित्रपटसंगीतातून, संवादांसह, घेतलेला आहे आणि म्हणून एकसंधता स्रोताबरोबर आपसूक येते, असे परदेशी श्रोत्याला वाटणे स्वाभाविक आहे. ती गाणी आकाशवाणीवर ऐकत वाढलेल्या मुंबई-पुण्याच्या श्रोत्याला मात्र वेगवेगळे संगीतकार, वेगवेगळी वाद्यवृंदरचना, वेगवेगळे चित्रपट ओळखू येतात आणि ‘भारत’ नावाचा तो एकजिनसी रंग त्याच्यापुरता विरून जातो. अशा श्रोत्यासमोर मॅडलिब यांना स्रोताचा आधार उरत नाही, केवळ सांध्यांवर उभे राहावे लागते. जिथे ते वाद्यमेळाचा एखादा झोत मध्येच कापून जाड, खरखरीत ड्रमवर चढवतात तिथे ते तरतात आणि जिथे ओळखीची सुरावट नुसतीच फिरत ठेवतात तिथे मूळ गाणेच ऐकावेसे वाटते.