‘लोकल ड्रायव्हर पाहिजे’: २८ हजारांपेक्षा २१ हजारांची नोकरी कधी चांगली ठरते?

‘ड्रायव्हर पाहिजे. हेवी लायसन्स. फक्त लोकल काम. पगार २८ हजार.’ चाकण, भिवंडी, कळंबोली, वाळूज या भागांत आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अशा जाहिराती नेहमी दिसतात. ट्रान्सपोर्टवाले म्हणतात, चांगले ड्रायव्हर टिकत नाहीत. ड्रायव्हर म्हणतात, टिकावे अशी नोकरी मिळत नाही. दोघांचेही खरे आहे आणि दुखणे एकच आहे. गाडी उभी असते त्या वेळेचे पैसे कोण देणार, हे आधी कुणीच बोलत नाही.

लोकल काम कुठे आहे?

लाइनवर, म्हणजे लांब पल्ल्यावर जाणारा ड्रायव्हर आठवडेच्या आठवडे घराबाहेर असतो. लोकलमध्ये बहुतेकदा रात्री घरी येता येते. मुलांची शाळा, आईवडिलांचे दवाखाने सांभाळायचे असतील तर ही मोठी गोष्ट आहे.

अशी कामे राज्यात बरीच आहेत. न्हावा शेवा बंदर ते उरण-पनवेलची कंटेनर यार्ड, चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांना सुटे भाग पोहोचवणे, भिवंडीच्या गोदामांतून मुंबईत माल आणणे, मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून इंधनाचे टँकर, दूध संघांचे टँकर, शहरांतले काँक्रीट मिक्सर आणि डंपर. गाडी तीच असली तरी प्रत्येक कामाचे तास, धोका आणि भविष्य वेगळे आहे.

पैसा मुरतो कुठे?

लोकल गाडी धावते कमी आणि थांबते जास्त. बंदराच्या गेटवर रांग, कारखान्याच्या गेटवर रांग, माल उतरवायला माणसे नाहीत म्हणून खोळंबा. शहरात अवजड वाहनांना बंदी असलेल्या वेळेत नाक्यावर मुक्काम. हंगामात उसाची गाडी साखर कारखान्याच्या यार्डात ताटकळते, ते तर गावोगावी ठाऊक आहे.

ड्रायव्हरला खेपेवर पैसे मिळत असतील, तर या खोळंब्याचा सगळा तोटा त्याच्या अंगावर पडतो. तीन खेपांच्या दिवसात दोनच होतात आणि तिसरीचा भत्ता बुडतो. तो भरून काढायला मग गाडी पळवली जाते, झोप मोडली जाते. रस्त्यावरच्या इतरांचा जीवही त्यामुळेच धोक्यात येतो.

हिशेब ताशी करा

समजा, दोन नोकऱ्या समोर आहेत. पहिलीत २८ हजार, पण दिवसाला १३ तास आणि महिन्याला २६ दिवस. म्हणजे ३३८ तास. तासाला पडतात सुमारे ८३ रुपये. दुसरीत २१ हजार, दिवसाला ८ तास, तेवढेच दिवस. म्हणजे २०८ तास आणि तासाला सुमारे १०१ रुपये.

दुसऱ्या ठिकाणी महिन्यात २५ तास जादा काम झाले आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळाला, तर आणखी पाच हजार रुपये हातात येतात. एकूण २६ हजार आणि तरी पहिल्या नोकरीपेक्षा शंभराहून अधिक तास कमी. जाहिरातीतला मोठा आकडा अनेकदा मोठ्या दिवसाचा असतो.

कायदा काय म्हणतो?

१९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्याने ड्रायव्हरसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. ‘कामाचे तास’ म्हणजे कामगार मालकाच्या दिमतीला असतो तो वेळ, असे त्यात मुळातच धरले होते. म्हणजे केवळ स्टिअरिंग हातात असण्याचा वेळ नव्हे. हा कायदा आता नव्या कामगार संहितांमध्ये सामावला गेला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या या संहितांमध्येही ८ तासांचा दिवस, जादा कामाला दुप्पट दर आणि लेखी नियुक्तिपत्र या तरतुदी आहेत.

मेख पुढे आहे. कामाच्या तासांची ही संहिता साधारणपणे १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. दोन-तीन गाड्यांचा मालक तिच्या कक्षेबाहेर राहतो. म्हणून दीर्घकाळाचा विचार करणाऱ्याने पगाराआधी मालकाकडे किती माणसे कामाला आहेत, हे विचारणे शहाणपणाचे.

लायसन्सची शिडी

सुरुवात छोट्या गाडीवरून करता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले की, ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. त्याहून जड गाडीसाठी वयाची २० वर्षे पूर्ण हवीत आणि एलएमव्ही लायसन्स किमान एक वर्ष जुने हवे. आठवी पासची अट २०१९ मध्येच निघाली आहे.

पुढची पायरी धोकादायक मालाची. पेट्रोल, गॅस किंवा रसायनांच्या टँकरसाठी वेगळे प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. हे लायसन्स तीन वर्षांचे असते आणि नूतनीकरणाला उजळणी प्रशिक्षण सक्तीचे असते. कटकट आहे, पण ज्या कामाला अशी पात्रता लागते तिथे कुणालाही पकडून गाडीवर बसवता येत नाही. तिथेच ड्रायव्हरला भाव सांगता येतो. पुढे ड्रायव्हर प्रशिक्षक किंवा गाड्यांचा सुपरवायझर होण्याची वाटही अशाच नोकऱ्यांतून निघते.

हो म्हणण्याआधी विचारायचे प्रश्न

• पगार महिन्याचा की खेपेचा? गाडी रांगेत थांबली तर काय?
• पैसे बँकेत जमा होणार की रोख? पगाराची स्लिप मिळते का?
• पीएफ आणि ईएसआय लागू आहे का? ईएसआयची वेतनमर्यादा सध्या २१ हजार रुपये आहे.
• चलन, टायर, मालाची तूट हे पैसे पगारातून कापले जातात का?
• सध्याचे ड्रायव्हर किती वर्षांपासून आहेत? हे मालकाला नव्हे, गेटवरच्या ड्रायव्हरला विचारावे.
• उचल घ्यावी लागते का? उचल घेतली की नोकरी सोडण्याचे स्वातंत्र्य गहाण पडते.

पीएफचा मुद्दा तरुण ड्रायव्हर हसण्यावारी नेतात. पण त्याच्या पेन्शनसाठी किमान १० वर्षांची सेवा लागते आणि यूएएन एकच असेल तर मालक बदलला तरी सेवा जोडता येते. पंचावन्नाव्या वर्षी डोळे किंवा कंबर साथ सोडते, तेव्हा खेपेचा भत्ता कामाला येत नाही.

मालकांचीही बाजू आहे

छोट्या मालकाला गाडीचा हप्ता भरायचा असतो आणि रांगेत उभ्या गाडीचे पैसे अनेकदा त्यालाही मिळत नाहीत. त्यामुळे सगळा दोष त्याच्या माथी मारणे बरोबर नाही. खोळंबा होतो तो माल मागवणाऱ्या कंपनीच्या गेटवर. तेव्हा हॉल्टिंगचे पैसेही तिथूनच निघायला हवेत. ते भाडेकरारात लिहिले जावेत आणि त्यातला ठरलेला वाटा ड्रायव्हरच्या स्लिपवर दिसावा.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या मध्यम आणि अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. निर्णय चांगला आहे. पण केबिन थंड झाली म्हणून बिनपगारी थांबणे सुसह्य होत नाही. ड्रायव्हरच्या थांबण्याला किंमत लागली, की त्याला थांबवून ठेवण्याची गेटवाल्यांची सवयही कमी होईल. तोवर नोकरी शोधणाऱ्याने ‘पगार किती?’ या प्रश्नाआधी ‘तास किती?’ हा प्रश्न विचारावा. उत्तर टाळणाऱ्या मालकाकडची २८ हजारांची जाहिरात सरळ सोडून द्यावी.