कॅन्टीन राहू द्या, पण कार्ड तिच्या नावावर हवं

लष्करी छावण्यांमधली सवलतीच्या किराण्याची दुकानं, म्हणजे आपण सगळे ज्याला नुसतं 'कॅन्टीन' म्हणतो ती, चालू ठेवावीत की बंद करावीत, हा वाद अधूनमधून वर येतो. अर्थतज्ज्ञ तो मांडतात, निवृत्त अधिकारी त्यांना उत्तर देतात, व्यापारी आपलं गाऱ्हाणं घालतात. पिशवी घेऊन रांगेत उभी राहणारी बाई या वादात कुठेच नसते. किराणा तिनं आणायचा, पुरवायचा तिनं, संपला की बोलणी तिनं खायची; आणि दुकान राहावं की जावं हे मात्र बाकीच्यांनी ठरवायचं!

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या ज्या सल्ला केंद्रात काम करते, तिथे फौजींच्या बायका, आया, विधवा कायम येतात. आमच्याकडे सातारा, सांगली, कोल्हापूर भागात घरटी फौजी असलेली गावं आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावानं तर आपल्या नावापुढेच 'मिलिटरी' लावून घेतलं आहे. या बायकांच्या बोलण्यात कॅन्टीन सारखं येतं. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कॅन्टीन बंद करू नये. पण आज ते ज्या पायावर उभं आहे तो पाया बदलायला हवा. त्यात सवलत मिळते ती नवऱ्याच्या हुद्द्याला, संसार करणाऱ्या बाईला नाही.

आधी ही व्यवस्था समजून घेऊ. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट, म्हणजे सीएसडी, सुरू झालं. ते संरक्षण मंत्रालयाखाली येतं आणि त्याचं मुख्य कार्यालय आपल्या मुंबईतच आहे. हे खातं कंपन्यांकडून घाऊक माल घेतं, डेपोंमधून पुढे पाठवतं, आणि पलटणी नि तळ यांनी चालवलेली तीन हजारांहून जास्त 'युनिट कॅन्टीन' तो कार्डधारकांना विकतात. स्वस्ताई दोन गोष्टींमुळे येते: घाऊक खरेदी आणि करातली सूट. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हाही या मालावरचा निम्मा कर परत देण्याची सोय ठेवली गेली. म्हणजे सरकार करावर पाणी सोडतं आणि त्या पैशातून साबण, तेल, चहा, बिस्किटं, कुकर, पंखे स्वस्त होतात. आणि दारूही. तिच्याकडे नंतर वळते.

बंद करा म्हणणाऱ्यांचा मुद्दा साधा आहे. आता गावोगाव सुपरमार्केट झाली, तिथेही सूट मिळते, मग सरकारनं किराणा कशाला विकावा? त्यापेक्षा तेवढी रक्कम जवानाच्या पगारात घाला. ऐकायला बरं वाटतं. पण पगार कुणाच्या खात्यात जातो? नवरा सीमेवर, त्याचं खातं त्याच्या नावावर, कार्ड त्याच्या खिशात नाहीतर सासऱ्याच्या पेटीत. महिन्याला किती पाठवायचे हे तो ठरवणार, नाहीतर त्याचा भाऊ. आमच्याकडे आलेल्या कितीजणींना नवऱ्याचा पगार किती हेच ठाऊक नव्हतं! तेलाचा डबा मात्र घरात येतो तो स्वयंपाकघरात येतो. तो कुणी जुगारात लावत नाही. रोख रक्कम आणि वस्तू यांत हा फरक आहे आणि तो पुस्तकातल्या हिशेबात दिसत नाही, कारण त्या हिशेबात 'कुटुंब' म्हणजे एकच माणूस धरलेला असतो.

ही लढाई आपल्याला नवी नाही. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाई प्रतिकार समिती उभी केली आणि मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. 'पगार वाढवा' ही कामगार संघटनांची मागणी होतीच. लाटणं घेतलेल्या बायका तेल, साखर, रॉकेल मागत होत्या, तेही परवडणाऱ्या भावात. पुढे १९९७ मध्ये रेशन 'लक्ष्यित' झालं, दारिद्र्यरेषेच्या वरचे नि खालचे अशी फाळणी झाली आणि वरचे म्हणून कितीतरी गरीब बाया रांगेबाहेर फेकल्या गेल्या. २०१५ पासून चंडीगड आणि पुदुच्चेरीत धान्याऐवजी रोख रक्कम द्यायला सुरुवात झाली. २०२३ मध्ये आपल्याच सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांमधल्या केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये द्यायचं ठरवलं. धान्याचा भाव चढला की हा आकडा आपोआप चढत नाही. तो वाढवायला पुन्हा मोर्चा काढावा लागतो. म्हणून म्हणते, कॅन्टीनचे पैसे करा म्हणणारा माणूस उद्या रेशनचेही पैसे करा म्हणणार आहे. किंबहुना म्हणतोच आहे.

आता आपल्यातल्याच काही मैत्रिणींचा आक्षेप घेते. त्या म्हणतात, लष्करावर आधीच इतका खर्च होतो, आपण शांततावाद्या, आपण त्यांच्या सवलतींची बाजू का घ्यावी? युद्धाचा विरोध मीही करते. पण युद्ध कोण पुकारतं? खडकवासल्यात शिकून पुढे अधिकारी झालेल्याला कॅन्टीनवाचून काही अडत नाही. अडतं ते दुष्काळी तालुक्यातून भरती झालेल्या पोराच्या आईचं. शेती पिकत नाही म्हणून पोरगा फौजेत गेला. तिच्या पिशवीतलं तेल काढून घेऊन एकही रणगाडा कमी होणार नाही.

पण मग कॅन्टीन आहे तसंच चांगलं आहे का? मुळीच नाही.

पहिली गोष्ट, हक्क कुणाचा? कार्ड जवानाच्या नोकरीवर मिळतं. बायको त्याची 'अवलंबित'. विधवा झाली तर तिला हक्क मिळतो, म्हणजे तो मेल्यावर ती माणूस ठरते. पण त्यानं टाकली तर? घटस्फोट झाला की ती अवलंबित राहत नाही. पंधरा वर्षं त्याच्या बदल्यांच्या मागे शाळा बदलत मुलं वाढवली, म्हाताऱ्यांची दुखणी काढली, स्वतःची नोकरी कधी होऊच दिली नाही, आणि एका सहीनं सगळं पुसलं. घटस्फोट न देता नुसतीच टाकली असेल तर तिची अवस्था आणखी वाईट. कागदावर ती बायको आहे, कार्ड नवऱ्याकडे आहे आणि कॅन्टीनमधला माल दुसऱ्याच घरी जातो आहे. आमच्याकडे आलेली अशी एक बाई एका छावणीतल्या कॅन्टीनच्या दारातून परत पाठवली गेली होती. 'साहेबांना घेऊन या,' असं तिला सांगितलं. साहेब असते तर ती आमच्याकडे कशाला आली असती?

हे असंच असायला हवं असं नाही. अमेरिकेत लष्करी तळांवर अशीच दुकानं आहेत, 'कमिसरी' म्हणतात त्यांना. तिथेही ती बंद करण्याचा वाद आहे. २०१४ मध्ये पेंटॅगॉननं त्यांचं वर्षाचं १.४ अब्ज डॉलरचं अनुदान तीन वर्षांत एक अब्जानं कमी करायचा प्रस्ताव मांडला होता, तो तिथल्या संसदेनं मानला नाही. अमेरिकेच्या फौजेनं जगात काय केलं ते आपल्याला माहीत आहे, तिचं कौतुक करायला मी बसलेली नाही. पण तिथल्या बायकांनी भांडून काय मिळवलं ते पाहा. १९८२ च्या कायद्यानं वीस वर्षांचा संसार नवऱ्याच्या वीस वर्षांच्या नोकरीबरोबर झालेला असेल, तर घटस्फोटानंतर पुनर्विवाह न केलेल्या बाईचा कमिसरीचा हक्क राहतो. वीस वर्षं फार झाली आणि पुनर्विवाहाची अटही जाचकच. पण संसार हे काम आहे आणि त्या कामाचा हक्क नवऱ्याबरोबर निघून जात नाही, एवढं तरी कायद्यानं मानलं. २०२० पासून तर जखमी माजी सैनिकांची घरी शुश्रूषा करणाऱ्यांनाही तिथे प्रवेश मिळाला. शुश्रूषा करणाऱ्या कोण, हे तुम्हाला सांगायला नको.

आपल्याकडे काय? शौर्यपदकाचा भत्ता विधवेनं दुसरं लग्न केलं तर बंद व्हायचा. मात्र दिराशी केलं तर चालू राहायचा! ही अट २०१७ मध्ये काढली गेली. म्हणजे स्वातंत्र्याला सत्तर वर्षं होईपर्यंत जवानाची विधवा ही त्या घराचीच मालमत्ता, असं सरकारी कागद म्हणत होता. कॅन्टीनचं कार्ड त्याच विचारातून आलं आहे.

दुसरी गोष्ट दारूची. कॅन्टीनमधली रम बाहेरच्यापेक्षा कितीतरी स्वस्त असते आणि हुद्द्याप्रमाणे बाटल्यांचा महिन्याचा कोटा ठरलेला असतो. निवृत्त होऊन गावी आलेल्यालाही तो मिळतो. थंडीत पहारा करणाऱ्याला रम लागते, असं सांगतात. मग गावात पंख्याखाली बसलेल्याला कशासाठी? गावातल्या बायका आडवी बाटली करून दारूचं दुकान बंद करतात, पण ट्रंकेतून येणाऱ्या बाटलीवर कुणाचं मतदान? काही घरांत बाटल्या परस्पर विकल्या जातात, काही घरांत त्या रिकाम्या होतात आणि रात्री मार पडतो. दोन्हीची किंमत बाई मोजते. किराण्याची सवलत मी मागते, कारण ती घरात पोचते. त्याच न्यायानं दारूची सवलत बंद करा म्हणते, कारण तीही घरातच पोचते.

तिसरी गोष्ट गल्ल्यामागे उभ्या असणाऱ्यांची. युनिट कॅन्टीनमध्ये काम करणारे सरकारी नोकर की नाहीत? सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये म्हटलं, आहेत. २००९ मध्ये मोठ्या खंडपीठानं तो निकाल फिरवला. नाहीत म्हटलं. म्हणजे सरकारी कार्ड तपासून, सरकारी सवलतीचा माल, सरकारी तळावर विकणारी विधवा सरकारची कुणीच नाही. नफा कुठे जातो? पलटणीच्या निधीत. तो कसा खर्च होतो? महालेखापालांनी २०१० मध्ये सीएसडीवर अहवाल दिला, त्यात या युनिट कॅन्टीनचे हिशेब संसदेच्या नजरेबाहेर राहतात यावर बोट ठेवलं होतं. करदात्यांनी सोडलेला पैसा आहे, तर हिशेब उघड हवा.

चौथी गोष्ट सगळ्यात नवी. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी चारातला एकच पोरगा फौजेत कायम राहणार. उरलेले तीन घरी. त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, पेन्शन नाही, कॅन्टीनही नाही. म्हणजे कॅन्टीन बंद करायची घोषणा न करताच त्याचं दार बारीक करत आणलं आहे. पंचविशीतल्या त्या पोराशी आपल्या मुलीचं लग्न लावणाऱ्या आईबापांना हे ठाऊक आहे का?

तेव्हा मागायचं काय? कॅन्टीन चालू ठेवा. पत्नीला तिच्या स्वतःच्या नावाचं किराणा कार्ड द्या, आणि टाकली वा घटस्फोट झाला तरी ते चालू ठेवा. दारूवरची सवलत काढून तीच रक्कम डाळ, तेल, दूध पावडर, सॅनिटरी पॅडवर लावा. २०२० मध्ये कॅन्टीनमधल्या परदेशी मालावरून मोठी चर्चा झाली. माल कुठल्या देशाचा यावर सगळे बोलले, कुणाच्या हातचा यावर कुणी नाही. बचत गटांची चटणी, पापड, मसाले तिथे का नसावेत? कामगारांना नियम, हिशेबाला उजेड. आणि अग्निवीरांच्या घरांना दार उघडं.

पण एवढ्यावर थांबलो तर आपण फौजींच्या बायकांची वेगळी चूल मांडली असं होईल. जवानाच्या घराला स्वस्त तेल-डाळ हवी, तशीच ती ऊसतोडणीला जाणाऱ्या बाईलाही हवी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं एक चांगली गोष्ट केली. रेशन कार्डावर घरातली सर्वांत मोठी बाई ही कुटुंबप्रमुख. पण त्या कार्डावर हक्कानं मिळतं ते धान्यच. तेल-डाळीसाठी सणासुदीची वाट पाहायची. कॅन्टीनमध्ये माल भरपूर पण कार्ड त्याचं, रेशनवर कार्ड तिचं पण पिशवी अर्धी. आपली मागणी दोन्ही जोडायची आहे.

तोवर एक काम लगेच करता येतं. लष्करी कायदा १९५० नुसार बायकोमुलांच्या पोटगीची रक्कम जवानाच्या पगारातून थेट कापून देण्याचा अधिकार लष्करी वरिष्ठांना आहे. त्यासाठी कोर्टाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही, बाई स्वतः अर्ज करू शकते. हे फार थोड्याजणींना माहीत असतं. आपल्या गटात फौजींच्या बायका असतील तर त्यांना हे सांगा, अर्ज लिहायला मदत करा, आणि कॅन्टीनच्या रांगेतले त्यांचे अनुभव लिहून घ्या. पुढच्या वेळी कुणी कॅन्टीन बंद करायचा किंवा आहे तसंच ठेवायचा विषय काढेल, तेव्हा त्या कागदांचा गठ्ठा आपल्या हातात हवा.