मुकादम हा प्रतिनिधी नव्हे

कामगार चळवळीत आदिवासींच्या प्रतिनिधित्वाचा विषय निघाला की दोन उत्तरं तयार असतात. एक, मजूर तो मजूर. त्यात आदिवासी-बिगरआदिवासी काढलं की एकजूट फुटते. दोन, आदिवासींचा प्रश्न जंगल-जमिनीचा, तो कामगार संघटनेचा नव्हेच. ही उत्तरं एकमेकांना छेद देतात, तरी एकच वक्ता ती एका दमात देतो.

दुसऱ्या उत्तराचा निकाल ठाणे जिल्ह्याने १९४५ सालीच लावला. जानेवारीत टिटवाळ्याच्या किसान परिषदेला माया धांगडा आणि आणखी काही वारली आले. मे महिन्यात झरीला वारल्यांची स्वतःची परिषद भरली. तिथे ठरलं: वेठ बंद, लग्नाच्या कर्जापोटी मालकाकडे राबणारे लग्नगडी मोकळे. पाठोपाठ गवतकापणीचा दर मागितला: पाचशे पौंडांना अडीच रुपये. तो मिळेपर्यंत विळा खाली. याला संप नाही तर काय म्हणायचं? १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले.

‘पण नेते किसान सभेचे परुळेकर दांपत्यच होते ना?’ होते. शामराव आणि गोदावरीबाईंचं ऋण नाकारणारा करंटाच. मात्र दोघांना जिल्हाबंदी झाली तरी लढा थांबला नाही, कारण तो पाड्यापाड्यांवर वारलीच चालवत होते. पुढे शहाद्यात सालदारांना उभं करणारे अंबरसिंग सुरतवंती तर भिल्लच होते. बाहेरचा सोबती आला म्हणून घरच्या कर्त्याचं नाव इतिवृत्तातून गळावं, हा कुठला न्याय?

आता पहिलं उत्तर. भेद आम्ही काढत नाही, भट्टीवाला काढतो. कातकरी कुटुंब बयाणा, म्हणजे आगाऊ उचल, घेऊन वीटभट्टीवर जातं. मजुरी हजार विटांमागे, जोडप्याला मिळून. हिशोब नवऱ्याच्या नावावर. दिवसभर चिखल तुडवणारी बाई कागदावर मजूरच नसते. वेठबिगारी कायद्याने १९७६ मध्ये संपली. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं ही सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितलं. पण हे भट्टीवर जाऊन कोण सांगणार? आपल्या संघटनांचा साचा गिरणीच्या फाटकावर घडलेला: हजेरीपट, महिन्याची वर्गणी, फाटकसभा. कातकऱ्याकडे यातलं काहीच नाही. मग त्याच्या वतीने बोलतो मुकादम, ज्याचं पोट मालकाच्या दलालीवर चालतं! एकजूट फुटते ती इथे.

म्हणून साचा बदला. वर्गणी हंगामाअखेरच्या हिशोबातून घ्या. बाईचं नाव आणि तिची मजुरी वेगळी लिहा. कार्यकारिणीवर कातकरी, वारली, भिल्ल निवडून येऊ द्या, आणि त्यात बायाही. सत्काराला बोलावून शाल देणं म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे. विटांचा दर बयाणा हातात पडल्यावर ठरत नाही, तोवर तो ठरून गेलेला असतो. दराची बैठक त्याआधी, पावसाळ्यात, माणसं पाड्यावर असतानाच घ्यायला हवी.